लतीफभाईंना दिसत नाही

कुवेतमधल्या आमच्या सगळ्या सालमियाला ईदचा चंद्र दिसला, तरी लतीफभाईंना दिसत नाही.

आमच्या बिल्डिंगची गच्ची काही फार मोठी नाही. पाण्याच्या टाक्या, एसीची मशिनं आणि डिशच्या थाळ्या यांच्यामधून जी जागा उरते, तिथे आम्ही सगळे दाटीवाटीने उभे राहतो. कुणीतरी "तो बघा!" म्हणून ओरडतं. पोरं टाळ्या वाजवतात. लोक एकमेकांना मुबारक द्यायला लागतात. आणि त्या आनंदाच्या गलक्यातून एक खणखणीत आवाज येतो, "कुठं? मना नाय दिसत!"

झालं. मग सगळे मुबारक सोडून लतीफभाईंच्या मागे लागतात. "अहो, ती निळी टाकी दिसते का?" "टाकी दिसते." "तिच्या वर बघा." "वर काय नाय." "वर म्हणजे डावीकडे हो! ती उंच इमारत, तिच्या टोकाच्या बोटभर वर!" "कंची इमारत?" चारपाच शिकलेसवरलेले लोक घाम पुसत त्यांना चंद्र शिकवत राहतात. शेजारी खैरूनभाभी, म्हणजे त्यांची बायको, ओढणी सावरत मुकाट उभी. शेवटी कधीतरी भाभी म्हणतात, "दिसला." मग लतीफभाई म्हणतात, "हां, मनापण दिसला. बारीक हाय यंदा." भाभींना त्यांच्याआधी दिसतो, म्हणजे बघा!

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याचे डोळे गेलेत. कसले जातायत! सरकारी कचेरीत हॉलच्या या टोकाला उभं राहून हे त्या टोकाच्या खिडकीवरचा नंबर वाचतात. शर्कच्या मासळी बाजारात दारातूनच सांगतात, "त्या कोपऱ्यातली कालची हाय, तिकडं जाव नको." मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माणसांची हाडं बघण्यात माझा जन्म गेला, पण साठी ओलांडलेल्या या माणसाच्या निम्मीसुद्धा नजर मला नाही. चंद्र मात्र त्यांना दिसत नाही. आतषबाजी दिसत नाही. समुद्रावर गेलो आणि कुणी म्हणालं "ते बघा जहाज", की आलंच, "कुठं?" माझी खात्री होती की हे सगळं मुद्दाम चाललंय. लोकांना कामाला लावायची हौस, दुसरं काय!

आणि ती हौस असायला कारणही होतं. लतीफभाई एका कंपनीचे मंदूब. आमच्या कुवेतमध्ये मंदूब म्हणजे कंपनीच्या माणसांची व्हिसा, मेडिकल, हाताचे ठसे अशी सगळी सरकारी कामं करून देणारा गडी. नुकत्याच विमानातून उतरलेल्या बावचळलेल्या पोरांना मागे घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर न्यायचं, हेच त्यांनी उभा जन्म केलं. त्यामुळे चालताना तोंड सतत चालू. "आता दरवाजा. पायरी आली, पायरी! उजवीकडं वळा. लिफ्ट आली. शुवैया, शुवैया." शुवैया म्हणजे हळू, जरा दमानं. हा अरबी शब्द त्यांच्या तोंडात इतका बसलाय, की गावाकडच्या म्हशीलाही ते शुवैया म्हणत असतील. आमच्या घरी जेवायला आले तरी दारातून सुरू, "चप्पल डावीकडं काढा. उंबरा हाय." उंबरा माझ्या घरचा, आणि मला सांगतायत!

शिवाय आमचा तो छोटा स्टूल. आमच्या बैठकीच्या खोलीत पाय टेकायला एक स्टूल असतो. लतीफभाई आले की पहिलं काम, तो स्टूल उचलून भिंतीला लावणं. "ह्यो इथं कशाला?" दर वेळी. मी माझ्या बायकोला, वैशालीला म्हणायचो, "या माणसाला वास्तुशास्त्राचं वेड लागलंय." वैशाली नुसतं "हं" म्हणायची. ती डोळ्यांच्या वॉर्डात नर्स आहे. दिवसभर पेशंटशी बोलून दमते, म्हणून घरी कमी बोलते, असं मी धरून चाललो होतो.

पण लतीफभाईंचा खरा धर्म म्हणजे, "आधी पाय, मंग काम." कुठेही जायचं असलं, की आदल्या दिवशी एकट्याने जाऊन ती जागा चालून यायची. कचेरी असो, दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो. माझ्या पन्नाशीला आम्ही एगैलाच्या एका मॉलमधल्या हॉटेलात जेवायला जायचं ठरवलं, तर हे आदल्या संध्याकाळी तिथे हजर. दिवे कुठे आहेत, पायऱ्या कुठे आहेत, बाथरूमची वाट कशी आहे, सगळं बघत फिरले. मॅनेजरला वाटलं, हा म्युनिसिपालिटीचाच माणूस. त्याने घाबरून सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी लतीफभाईंना बघताच तो आमच्या टेबलापाशी हात जोडून उभा राहिला, तो आम्ही उठेपर्यंत. इतकी गरम बिर्याणी मी त्या हॉटेलात त्याआधी खाल्ली नव्हती.

तर असा हा जातिवंत गाइड. आणि दुसऱ्या कुणा गाइडचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायचा.

आमचं भांडण त्यावरूनच झालं. खैरूनभाभींच्या फ्रीजच्या दारावर एक जुनं चित्र चिकटवलेलं आहे. कुठल्याशा बोटीच्या कंपनीचं कॅलेंडर. महिने केव्हाच फाटून गेले, चित्र उरलं. नॉर्वेतला फियॉर्ड आहे तो. दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेले डोंगर, मधे काळंशार पाणी आणि एका कड्यावरून सरळ खाली येणारा पांढरा धबधबा. भाभी मूळच्या दाभोळच्या खाडीकाठच्या. पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "ही तर खाडीच हाय! पन डोंगराच्या पोटात कशी गेली?" तेव्हापासून भाकऱ्या थापता थापता त्या चित्राशी बोलायच्या. "बगायला पायजे एकदा," असं आम्ही किती वर्षं ऐकत होतो.

यंदा लतीफभाई निवृत्त झाले. सामान बांधायचं, कायमचं गावी जायचं. पण त्याआधी एके शुक्रवारी ते आमच्याकडे आले, स्टूल भिंतीला लावला आणि म्हणाले, "मोघेसाब, नॉर्वेला जायचा. खैरूला तो धबधबा दाखवायचा. यंदाच. पुढं नाय."

मला वाटलं, पुढं नाय म्हणजे व्हिसा संपणार म्हणून. म्हटलं, "चला, आम्हीपण येतो." आमच्या चौघांचे कागद त्यांनीच केले. एकाही कागदावर हरकत निघाली नाही. मंदूब होता तो, गंमत नाही!

मग विषय निघाला, फियॉर्ड बघायचा कसा? बर्गन नावाच्या गावात राहायचं आणि तिथून एका दिवसात जाऊन यायचं, इथवर एकमत. मी म्हटलं, गाइडबरोबरच्या सहलीचं बुकिंग करू. हॉटेलातून उचलतात, बसमध्ये खिडकी, बोटीत खुर्ची, जेवण हातात. आपण फक्त मान वळवायची. परक्या मुलखात गाड्या-बोटींची वेळापत्रकं बघत धावायला मी काय शाळेच्या सहलीवर निघालोय?

"तो गाइड," लतीफभाई म्हणाले, "कुणाला दाखवतो? ज्याला लगेच दिसतं त्याला. डावीकडं बगा, उजवीकडं बगा, चला पुढं. ज्याला येळ लागतो त्यानं काय करावा?"

"त्यानं चष्मा करावा," मी म्हणालो.

भाभी हसल्या. वैशाली हसली नाही. उलट म्हणाली, "लतीफभाई म्हणतायत ते बरोबर आहे. आपलं आपण जाऊ." आता बोला! विमानतळावरसुद्धा मला विचारल्याशिवाय ट्रॉली न ढकलणारी माझी बायको शत्रूला जाऊन मिळाली. मी चिडलो. गाइडवाल्या सहलीचे फायदे सांगता सांगता माझा चहा गार झाला. शेवटी भाभींनीच तोड काढली, "एक दिस यांचा, एक दिस त्यांचा. कंचा दिस बरा ते मी सांगेन." पैजही लागली. हरेल त्याने परत आल्यावर शर्कच्या बाजारातून झुबैदी आणायची, म्हणजे आपलं पापलेट, आणि सगळ्यांना जेवू घालायचं.

आणि मग अर्थातच आधी पाय. पण नॉर्वेला आदल्या दिवशी चालत जाता येत नाही. लतीफभाई दोन दिवस अस्वस्थ होते. कुवेत म्हणजे परातीसारखं सपाट. इथे डोंगर नाही, चढ नाही, दरी नाही. शेवटी त्यांना सालमियातली बहुमजली पार्किंगची इमारत सुचली. एका संध्याकाळी, ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना त्यांनी आम्हाला लोकरीच्या टोप्या आणि नवे बूट घालून त्या पार्किंगच्या उतारावरून वरपर्यंत चढवलं. "हां, ह्यो डोंगर. आता वळण. गाडी आली, कडेला व्हा." वॉचमन आ वासून बघत होता. माझ्या हॉस्पिटलातला एक डॉक्टर गाडी लावून येत होता. त्याने काच खाली करून विचारलं, "सगळं ठीक ना?" मी टोपी डोळ्यांवर ओढली. लतीफभाई मात्र भाभींचा हात धरून सगळ्यात पुढे, बडबडत, सावकाश. वर पोचल्यावर म्हणाले, "माफी मुश्किला. चालेल." म्हणजे अडचण नाही. अडचण कुणाची होती, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

बर्गनला पोचलो. पहिला दिवस माझा.

आणि काय दिवस होता! लख्ख ऊन. हॉटेलच्या दाराशी बस, हातात पिवळं निशाण घेतलेली हसरी गाइड पोरगी, सगळं कसं घड्याळासारखं. बोटीत काचेपाशी खुर्च्या. मी लतीफभाईंकडे बघून भुवया उडवल्या. बोट त्या काळ्या पाण्यात शिरली आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले. चित्रातल्यापेक्षा उंच! पोरगी माइकवर म्हणाली, "डावीकडे बघा!" सगळ्या माना डावीकडे, सगळे फोन डावीकडे.

"व्हेअर?" लतीफभाई उठून उभे राहिले. "व्हेअर? आय नॉट सी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी बिचारी धावत आली, बोट दाखवू लागली. तेवढ्यात उजवीकडे काहीतरी आलं. "उजवीकडे बघा!" "व्हेअर?" मागच्या रांगेतला एक गोरा आजोबा त्यांना आपली दुर्बीण देऊ लागला. भाभी त्यांची बाही ओढत म्हणाल्या, "अवो, बसा. दिसतंय मना सगळं. लय छान हाय."

मग तो धबधबा आला. चित्रातलाच. मी ओळखला, वैशालीने ओळखला. बोट जरा हळू झाली, लोक चित्कारले. "भाभी, तो बघा तुमचा धबधबा!" मी ओरडलो. "दिसला," भाभी तत्काळ म्हणाल्या, "छान हाय." लतीफभाईंनी भाभींच्या तोंडाकडे बघितलं. या खेपेला ते "व्हेअर" म्हणाले नाहीत. बोट पुढे गेली. जेवणाचा डबा आला, थंडगार पाव आणि त्यात काकडी, पण मी तो विजयाच्या आनंदात चवीने खाल्ला.

संध्याकाळी मी म्हटलं, "चला, भाभींनी धबधबा बघितला. काम झालं. उद्या आरामात बर्गन फिरू, परवा विमान."

"नाय झाला," लतीफभाई म्हणाले.

"अहो, भाभी स्वतः म्हणाल्या दिसला म्हणून!"

"आज पाय झाला," ते म्हणाले. "उद्या काम." म्हणजे माझ्या सबंध सहलीची, त्या निशाणवाल्या पोरीची आणि त्या लख्ख उन्हाची या माणसाने रंगीत तालीम करून टाकली होती! मी संतापून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उतरून आलेलं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आम्ही आगगाडीने गेलो, मग दुसऱ्या छोट्या गाडीने, मग बोटीने. प्रत्येक ठिकाणी लतीफभाई पुढे. "पायरी. ओली हाय. हिकडचा कठडा धरा." गाडीत भाभींनी डबा उघडला, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्या वासाने पुढच्या दोन रांगांतली माणसं एकेक करून उठून गेली. गाडीचा तो डबाच आमच्या चौघांचा झाला. खोटं नाही सांगत, कालच्या काकडीपेक्षा हजार पटींनी बरं होतं.

बोट धबधब्याच्या जरा आधी एका चिमुकल्या गावाच्या धक्क्याला लागते. पाचसहा घरं, एक दुकान, बस्स. कुणीच उतरत नाही. आम्ही उतरलो. धक्क्याजवळ पाण्याकाठी एक लाकडी बाक होता.

"हा तुम्हाला कुठे सापडला?" मी विचारलं.

"काल सगळे डावीकडं बगत होते तवा मी उजवीकडं बगत होतो," लतीफभाई म्हणाले. "समोरच हाय धबधबा. पुढची बोट येईस्तवर बसायचा. बोट आपल्याला घाई करणार नाय."

समोर धबधबा असेलही. पण समोर दिसत होतं ते नुसतं धुकं. पिंजलेला कापूस भरून ठेवावा तसं. पाण्याचा आवाज येत होता, पाणी नव्हतं. आज कुणालाच काही दिसत नव्हतं, अगदी समान न्याय! मी बाकावर बसून हात चोळत म्हणालो, "लतीफभाई, झुबैदी मोठी बघून घ्या."

"शुवैया, मोघेसाब."

थोड्या वेळाने धुक्यातून कालची ती मोठी बोट आली. काचेआड दिव्याच्या उजेडात माणसं, गरम कॉफी, आणि ते पिवळं निशाण. माइकवरचा आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला, "डावीकडे बघा, आपल्या फियॉर्डमधला सर्वांत सुंदर धबधबा!" सगळ्या माना डावीकडे वळल्या. डावीकडे कापूस. कुणीतरी कापसाचाच फोटो काढला. बोट जरा हळू झाली, मग पुढे निघून गेली. त्या माणसांचा धबधबा संपला होता. आमचा अजून सुरू व्हायचा होता, एवढं मला बसल्या बसल्या कबूल करावं लागलं, पण मी ते मोठ्याने म्हणालो नाही.

वेळ जाऊ लागला. परतीची गाडी गाठायची तर पुढची बोट सोडून चालणार नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी विमान. लतीफभाई एकदा आभाळाकडे बघत, एकदा भाभींकडे. बडबड बंद. इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प असं प्रथमच बघत होतो. भाभी म्हणाल्या, "जाऊ द्या ओ. काल दिसला की मना." ते पुन्हा आभाळाकडे बघू लागले. मला ते बघवेना. मी वैशालीला म्हटलं, "चल, दुकानात कॉफी मिळते का बघू."

कॉफी घेऊन दुकानाबाहेर आलो, तर धुकं फाटलं होतं. आधी कडा दिसला, मग त्याच्या डोक्यावरची हिरवळ, आणि मग तो धबधबा, वरपासून खालपर्यंत, कालच्यापेक्षाही जवळ. मी ओरडणार होतो, "भाभी, तो बघा!" वैशालीने माझा दंड धरला. "थांबा," ती म्हणाली.

बाकावर भाभी बसल्या होत्या. लतीफभाई त्यांच्या मागे उभे होते आणि दोन्ही हातांनी त्यांनी भाभींचं डोकं धरलं होतं, मूर्ती उचलावी तसं अलगद. ते डोकं ते कणाकणाने वळवत होते.

"काळा दगड गावला? मोठा?"

"नाय."

"घाई नाय. पाणी बग. पाण्याच्या कडंनं जा. आता वर ये. शुवैया... गावला?"

"हां. गावला. काळा."

"आता त्याच्यावरनं डावीकडं. थोडा. अजून थोडा."

मी वैशालीकडे वळून विचारलं, "हे काय चाललंय?"

"भाभींना बाजूचं दिसत नाही हो," वैशाली हळूच म्हणाली. "नळीतून बघावं तसं समोरचं तेवढंच दिसतं. आणि ती नळीही दर वर्षी बारीक होत चाललीय. त्या आमच्याच वॉर्डात येतात. कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातलीय त्यांनी. लोक कीव करतात ते त्यांना आवडत नाही."

"आणि काल त्या दिसला म्हणाल्या ते?"

"त्या नेहमीच म्हणतात दिसला. लतीफभाईंचा जीव खाली पडावा म्हणून. त्यांना कळतं ते खोटं आहे. ही बाई खरंच काही बघते ना, तेव्हा छान म्हणत नाही. प्रश्न विचारते."

मी तिथेच उभा राहिलो. ती निळी टाकी, ती उंच इमारत, बोटभर वर. घाम पुसत आम्ही ज्याला चंद्र शिकवत होतो त्याला तो आधीच दिसलेला असायचा, आणि ज्या माउलीला शिकायचा होता ती शेजारी मुकाट उभी राहून शिकत असायची. पायरी आली, पायरी. उंबरा हाय. भिंतीला लावलेला तो स्टूल. बायकोला कुणी आंधळी म्हणू नये म्हणून हा माणूस सगळ्या सालमियात स्वतःला आंधळा म्हणवून घेत फिरला, आणि त्याला चष्मा करा म्हणणारा शहाणा मी! मला रडू आलं, सरळ सांगतो. कॉफी वैशालीच्या हातात देऊन मी तोंड पुसलं.

"झुबैदी मी आणतो," मी तिला म्हटलं.

"आणावीच लागेल," ती म्हणाली.

आम्ही बाकापाशी गेलो. लतीफभाईंचे हात भाभींच्या कानांशी तसेच. भाभींची मान मात्र आता आपली आपण हलत होती, वरून खाली, पाण्याबरोबर, आणि पुन्हा वर. किती वेळ गेला देव जाणे. लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"अवो!" भाभी एकदम ओरडल्या. "ह्या बकऱ्या वर कशा चढल्या?"

"बकऱ्या?" मी म्हणालो. धबधब्याच्या बाजूला मला पांढरे तुषार दिसत होते, पांढरे दगड दिसत होते. वैशालीला काही दिसेना. मी फोन काढला, चित्र जितकं मोठं होईल तितकं मोठं केलं. कड्याच्या मध्यावर, पाण्याला लागून, हातभर गवताच्या पट्टीवर खरंच बकऱ्या चरत होत्या! काल त्या बोटीतल्या एकालाही, दुर्बीणवाल्या आजोबालासुद्धा, त्या दिसल्या नव्हत्या.

"आहेत!" मी उडीच मारली. "आहेत हो भाभी!"

"एक पिल्लू हाय. कोपऱ्यावरचा. पडंल तो! त्याची आय कुठं बगते?" भाभींनी लतीफभाईंचे हात खाली केले होते आणि त्या बोट दाखवून भांडल्यासारख्या विचारत होत्या. "रातची कुठं जातात ह्या? खाली कशा उतरतात? अवो, बगा ना!"

"कुठं?" लतीफभाई म्हणाले. "मना नाय दिसत."

सवयीने मला हसू आलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे गच्च भरले होते, पाणी गालांवरून दाढीत उतरत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. या वेळी त्यांना खरंच काही दिसत नव्हतं.

भाभींनी हात मागे नेला, चाचपडत त्यांची हनुवटी शोधली आणि त्यांचं तोंड कड्याकडे वळवलं.

"काळा दगड गावला?"

"गावला."

"आता तिथनं डावीकडं. घाई नाय."

धक्क्याला बोट लागली होती. खलाशी दोर हातात धरून आमच्याकडे बघून हाका मारत होता, घड्याळ दाखवत होता.

"शुवैया!" मी दोन्ही हात वर करून त्याच्यावर ओरडलो. "शुवैया, बाबा, शुवैया!"

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो थांबला.